वर आर, खाली आर

धानाची कापणी होते, भाऊबीज उरकते, आणि आमच्या भंडारा जिल्ह्यात दोन पाहुण्या बरोबरच येतात : मंडई आणि थंडी. मंडई गावोगाव भरते. दिवसा जत्रा आणि रात्री दंडार नाहीतर नाटक. घोंगडी पांघरून उघड्यावर बसलेली माणसे पहाटेपर्यंत जागची हलत नाहीत. झाडीपट्टीतला हा उत्साह पार होळीपर्यंत पुरतो. पण शहरात चार भिंतींच्या आत राहणाऱ्या आम्हा नोकरदारांच्या वाट्याला येते ती नुसती थंडी. साडेपाचलाच दिवस मावळतो, वैनगंगेवरून बोचरा वारा सुटतो, आणि आठ वाजले नाहीत तोच रस्ता ओस पडतो. पौषात तर पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो. जेवणे लवकर होतात, दारे लवकर लागतात, आणि मग प्रश्न उरतो की एवढ्या मोठ्या संध्याकाळीचे करावयाचे काय?

या प्रश्नाला आमच्या घराने गेल्या वर्षी एक उत्तर शोधले. ते म्हणजे घरी भाजणे. तळणे नव्हे, परतणे नव्हे, भाजणे. वाचक म्हणतील, मराठीच्या प्राध्यापकाने व्याकरण सोडून हे काय मांडले आहे? पण विषय आहेच मुळी व्याकरणाजवळचा. इंग्रजीत ‘बेक’ आणि ‘रोस्ट’ असे दोन शब्द आहेत. आपण शेंगदाणे भाजतो, वांगे भाजतो, भाकरी भाजतो आणि केकही भाजतोच. एकच क्रियापद सगळ्यांचा संसार सांभाळते. त्यामुळे आपल्यातल्या अनेकांची अशी समजूत झाली आहे की बंद आचेत, चहूबाजूंनी ऊब देऊन पदार्थ भाजण्याची कला आपली नव्हेच. ती साहेबाबरोबर आली, इराण्याबरोबर वाढली आणि आता विजेच्या पेटीतून आपल्या ओट्यावर येऊन बसली. ही समजूत खरी नाही, आणि ती खरी नाही हे सांगण्यासाठी विदर्भाइतका चांगला साक्षीदार दुसरा मिळणार नाही.

रोडग्याचे कुळ

रोडगा ज्याने खाल्ला नाही त्याला तो शब्दांनी खाऊ घालणे कठीण. तरी प्रयत्न करतो. गव्हाची जाडसर दळलेली कणीक घ्यावी, तीत मीठ, ओवा आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून ती घट्ट मळावी. तेलाचा हात लावून, घड्या घालून मुठीएवढे गोळे वळावेत. इकडे मोकळ्या जागी गोवऱ्या रचून पेटवाव्यात. ज्वाळा विझून नुसता लालभडक आर उरला, की गोळे त्यावर मांडावेत, उलटसुलट करावेत आणि शेवटी त्याच आरात व राखेत पुरून ठेवावेत. वर आर, खाली आर. तासाभराने बाहेर काढून फडक्याने राख झटकावी, दोन्ही हातांनी दाबून फोडावे आणि साजूक तुपात बुडवावे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. कडेला जवसाची चटणी असली तर उत्तमच. गोवऱ्यांची ही रास म्हणजे दरवेळी नव्याने बांधलेली आणि जेवण झाल्यावर मोडून टाकलेली भट्टीच नव्हे काय?

थंडीत शेतावर रोडग्यांचा बेत ठरला की एक गंमत दिसते. एरवी स्वतःचा पाण्याचा पेलाही न उचलणारे पुरुष बाह्या सरसावून आरापाशी बसतात आणि बायका सावलीत बसून त्यांच्या चुका काढतात.

रोडगा जुनाही आहे. सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी एका भारुडात भवानीला रोडगा वाहण्याचा नवस करणारी सासुरवाशीण उभी केली आहे. सासरा, सासू, जाऊ, नणंद असे एकेकाला ती देवीकडून वाटेतून दूर करवून घेते आणि अखेर एकटीच राहू इच्छिते. भारुड शिकवताना वर्ग हसतो. मग त्या नात्यांमागचे काम-क्रोधादी विकार उलगडून दाखविले की तोच वर्ग गंभीर होतो. मला मात्र दरवेळी त्या रोडग्याचे कौतुक वाटते. एवढे मोठे मागणे मागायचे आणि देवीला द्यायचे काय, तर निखाऱ्यात भाजलेला कणकेचा गोळा! म्हणजे घरोघर होणारा, परवडणारा आणि तरीही देवाला चालणारा असा तो पदार्थ होता. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबालाही वांग्याचे भरीत आणि रोडगाच लागतो. पुष्कळ घरांत चातुर्मासापासून बंद असलेले वांगे त्या दिवशी पुन्हा ताटात येते. देवानेसुद्धा भाजण्यासाठी थंडीचाच महिना निवडला आहे, हे ध्यानात घ्यावे.

रोडग्याची भावंडेही आहेत. आमच्याकडे पळस मुबलक. पळसाच्या पानांत थापून आरात भाजलेले ते पानगे. पान करपते, पण आपला वास आत सोडून जाते. पलीकडे छत्तीसगढात तांदळाच्या पिठाची अशीच अंगाकर रोटी होते. तिच्या नावातच अंगार आहे. नागपूर-भंडाऱ्याकडे उपड्या घातलेल्या तापल्या मडक्यावर हातभर लांबीची लांब पोळी टाकतात. तिचे पीठ इतके सैल की ते हातावर झुलवीत झुलवीत पसरावे लागते. ही लांब पोळी पाहिली की मला मुक्ताबाईचे मांडे आठवतात. मांडे भाजायला खापर हवे आणि विसोबाने कुंभारांना बजावून ठेवलेले की तिला खापर द्यायचे नाही. तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापविली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले, अशी कथा आहे. कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. एक गोष्ट मात्र तीत सर्वांना दिसण्यासारखी आहे. समाजाने वाळीत टाकलेल्या त्या मुलांना शिक्षा कोणती दिली, तर भाजण्याचे साधन नाकारले. घरातला विस्तव आणि त्यावर भाजलेले अन्न म्हणजेच घर, हे शिक्षा देणाऱ्यालाही ठाऊक होते.

पाव, बिस्किट आणि नानकटाई

परदेशातून आलेल्या मंडळींचेही ऋण मान्य केले पाहिजे. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज. १५१० साली गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगिजांना भाकरीवाचून चालेना आणि खमीर मिळेना. तेव्हा गोव्यात माडाच्या ताडीने पीठ फुगवू लागले. पावाला आपण पुढे रोटी जोडून ‘पावरोटी’ केली, म्हणजे एकच अर्थ दोन भाषांत सांगून टाकला. ‘बिस्किट’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले ‘दोनदा भाजलेले’ आहे. आपली खरपूस टोस्टे ही त्या अर्थाने खरी बिस्किटे. ‘नानकटाई’तला ‘नान’ फारसी; पण ती घडली सुरतेत. तिथल्या डच व्यापाऱ्यांनी मागे ठेवलेली भट्टी एका पारशी गृहस्थाच्या हाती आली, पाव खाणारे गोरे कमी झाले, वाळलेला पाव लोकांना आवडू लागला आणि त्या वाटेने पुढे नानकटाई आली, असे सांगतात.

नानकटाईने मात्र मराठी घर पुरते जिंकले. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीवर न्यायचे, तिथे ते मळून घ्यायचे, आपल्या नावाची चिठ्ठी लावलेले पत्रे भट्टीत जाताना पाहावयाचे आणि गरम डबा पोटाशी धरून घरी यायचे, हा पुष्कळ कुटुंबांचा रिवाज होता आणि काही गावांत तो अजूनही आहे. घरात भट्टी नव्हती म्हणून गावाची भट्टी सर्वांची होती. रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांच्या गप्पांत किती लग्ने जुळली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मग घरातच भट्टी आणण्याचे प्रयोग सुरू झाले. पातेल्यात वाळू तापवून तीत केकचा डबा ठेवायचा आणि झाकणावर निखारे रचायचे, ही पहिली पायरी. काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन ही दुसरी. शिटी व रबर काढून, तळाशी मीठ पसरून वापरलेला कुकर ही तिसरी. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापांनी नव्या सुनांचे भय पुष्कळ कमी झाले. आता विजेची पेटी आली आहे; तिच्यात अंश आणि मिनिटे दोन्ही ठरवून देता येतात.

आमच्या घरची गोष्ट

ही पेटी आमच्या घरात आली ती लेकीच्या हट्टाने. ती नागपूरला शिकते. बक्षिसाच्या पैशांतून तिने एक लहानसा ओव्हन घेतला आणि नाताळच्या सुट्टीत तो मांडीवर घेऊन बसमधून आली. त्या वर्षी आषाढात माझे वडील गेले होते. पंचावन्न वर्षांचा संसार संपल्यावर माझ्या आईने स्वयंपाकघराशी असलेले नातेही संपविले होते. रडणे नाही, तक्रार नाही. ताट पुढे ठेवले तर दोन घास खायचे, नाहीतर खिडकीशी बसून राहायचे. दिवाळीत तिने चकलीचा सोऱ्या हातात घेतला नाही. माझ्या पत्नीने अनेकदा मुद्दाम मसाल्याचे प्रमाण विचारले, उत्तर एकच, “तुमच्या मनाने करा.” ज्या बाईने आयुष्यभर कोणाला आपल्या मनाने मीठसुद्धा घालू दिले नव्हते, तिच्या तोंडचे हे वाक्य ऐकून आम्ही घाबरलो होतो.

लेकीने पहिला केक केला. वरून तो देखणा दिसत होता. सुरी घातली तर मधोमध ओले पीठ. मुलगी हिरमुसली. आणि इतके दिवस खिडकीबाहेर पाहत बसलेली आई तिथूनच म्हणाली, “काय करून राहिली गं तू? वरतून आर जास्त झाला असंन. बाहेरून भाजते अन् पोटात कच्चंच राहते.”

सहा महिन्यांत तिने एखाद्या पदार्थावर केलेली ती पहिली टीका होती. लेकीने पेटी उघडून दाखविली, वरच्या व खालच्या तारा दाखविल्या. आईने वाकून पाहिले आणि निकाल दिला, “म्हणजे रोडग्याची रासच आहे नं हे. राख नाही तेवढी.” मग तिने तेथेच सांगितले की पत्रा वरच्या तारेपासून खाली घे, आच मंद कर आणि घाई करू नको. दुसरा केक सरळ झाला. तो तिने खाल्ला नाही, अंडी होती. पण सुरी घालून पाहिली आणि मान हलविली.

दोन दिवसांनी सकाळी ती मला म्हणाली, “दूधवाल्याले सांग, गोवऱ्या आणून दे म्हणाव. याहिले रोडगे लय आवडे.” ‘यांना’ म्हणजे माझ्या वडिलांना. त्यांचा उल्लेख तिने आषाढानंतर प्रथमच केला होता. त्या रविवारी मागच्या अंगणात रास रचली गेली. कणीक पत्नीने मळली, गोळे लेकीने वळले, विस्तव मी सांभाळला आणि आई पाटावर बसून हुकूम देत राहिली. रोडगे आरात पुरल्यावर तासभर कोणालाच काही काम नव्हते. शाली पांघरून आम्ही आराभोवती बसलो आणि त्या तासात आई बोलली. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत साकोलीकडच्या शेतावर वडिलांनी तिला रोडगे करून घातले होते, ते निम्मे करपले होते आणि तरी तिने ते चांगले झाल्याचे सांगितले होते. “मग जन्मभर तसेच करपवत राहिले,” ती म्हणाली आणि हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. लेकीने तिचा हात धरला. नंतर आईने दीड रोडगा खाल्ला. कितीतरी दिवसांनी तिने वांग्याच्या भाजीत मीठ कमी असल्याचे सांगितले.

पौष-माघात आमचा दर रविवार भाजण्याचा झाला. कधी रोडगे, कधी नानकटाई, कधी लेकीच्या फोनवरच्या सूचनांप्रमाणे पाव. आईचे दुःख संपले असे मी म्हणणार नाही; तसे ते संपत नसते. पण रविवारी सकाळी ती आपण होऊन स्वयंपाकघरात येऊ लागली. आमच्या घराला तेवढे पुरेसे होते.

थांबण्याची विद्या

मी पुष्कळदा विचार केला की हे फोडणीने का झाले नाही आणि भाजण्याने का झाले? मला वाटते, त्याचे कारण थांबण्यात आहे. फोडणीला उसंत नसते. मोहरी तडतडली की हात चालावाच लागतो. भाजण्याच्या पदार्थाला एकदा आचेच्या स्वाधीन केले की माणसाचे काम संपते. झाकण उघडले तर पदार्थ बिघडतो. म्हणजे काही न करणे हाच तिथे कामाचा भाग. दुःखी माणसाला नुसते बसून राहणे जड जाते आणि काम करणेही जड जाते; या दोहोंच्या मधली जागा आराजवळ मिळते. तिथे बसून राहण्याला अर्थ असतो, कारण काहीतरी शिजून यावयाचे असते. त्यात वासाची भर. कणीक व साखर तापून तांबूस होताना जो वास सुटतो त्याची रासायनिक क्रिया लुई मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णन केली. पण तो वास आल्यावर आपापल्या खोल्यांतून माणसे बाहेर का येतात, हे सांगायला रसायनशास्त्राची गरज नाही.

आणि हे सारे थंडीतच जमते. पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात घरात भट्टी कोण पेटवील? त्या दिवसांत आमच्याकडे चहा करणेही पराक्रम असतो.

कोणी विचारील, बाजारात सारे स्वस्त व तयार मिळत असता ही यातायात कशाला? प्रश्न रास्त आहे. घरच्या नानकटाईने पैसे फारसे वाचत नाहीत, हे मी हिशेब करून सांगतो. शिवाय गोवऱ्यांच्या धुराने रोज डोळे चोळणाऱ्या बाईच्या घरी गॅस आला तो चांगलाच झाला. तिला जुन्या चुलीचे गोडवे ऐकविणे क्रूरपणाचे होईल. पण रोजचा धूर निराळा आणि महिन्यातून एखाद्या रविवारी उघड्या अंगणात हौसेने रचलेली रास निराळी. अंगणच नसेल तर विजेची पेटी आहेच.

करून पाहणाऱ्यांसाठी

ज्यांना या थंडीत हौस करावयाची असेल त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे बोल.

नानकटाईला एक वाटी घट्ट तूप, एक वाटी पिठीसाखर आणि दोन वाट्या मैदा, हे प्रमाण सोपे. तूप व साखर हाताने पांढरी शुभ्र होईपर्यंत फेसावी. सारे यश या फेसण्यात आहे. मैद्यात दोन चमचे रवा, वेलची आणि जायफळ घालावे. आमच्या धानाच्या जिल्ह्याला शोभावे म्हणून आम्ही पाव वाटी मैदा कमी करून तेवढे तांदळाचे पीठ घालतो. तांदळात गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून त्याचा पाव फुगत नाही, पण नानकटाई खुसखुशीत होते. एकशे साठ-सत्तर अंशांवर वीस मिनिटांच्या आसपास ठेवावी. बाहेर काढताना ती मऊ लागते; गार झाल्यावर घट्ट होते. ती कच्ची समजून पुन्हा आत ढकलू नये.

रोडगे पेटीत करावयाचे तर गोळे थोडे लहान करावेत, वरून तेलाचा हात फिरवावा आणि एकशे ऐंशी अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे, मध्ये एकदा उलटून, भाजावेत. आराचा वास येणार नाही. बाकी सारे येईल.

पावाचे पीठ थंडीत फुगत नाही अशी तक्रार असते. खमीर म्हणजे जिवंत सूक्ष्म जीव. आंबण्याच्या क्रियेमागे असे जीव असतात हे लुई पाश्चरने १८५७ साली दाखविले. त्यांनाही आपल्यासारखीच थंडी वाजते. पंचवीस-तीस अंशांची ऊब त्यांना मानवते. पिठाचे भांडे रजईत गुंडाळावे, किंवा बंद पेटीत शेजारी गरम पाण्याचे पातेले ठेवून द्यावे. पाणी कोमटच घ्यावे. कढत पाण्याने खमीर मरते.

आणि शेवटची सूचना, जी कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात बहुधा नसेल. पेटीत पत्रा सरकवल्यावर आपापल्या खोलीत जाऊ नये. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला जवळ बोलवावे, खुर्ची आचेच्या बाजूला द्यावी आणि विचारावे, “तुमच्या वेळी हे कसे करीत होते?” पदार्थ भाजून यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात एका माणसाला बोलण्यासारखे पुष्कळ असते. दिवाळीचा फराळ डब्यांतून संपत येईल तेव्हा मार्गशीर्ष दाराशी आलेला असेल. तोवर तूप घट्ट करून ठेवा.